सरळ दस्ता की मुठीचा

बंदूक दुरुस्तीच्या दुकानात आपण एकटेच नाही, हे माझ्या पुढच्या म्हाताऱ्याच्या गावीही नव्हतं. त्याच्या बंदुकीचा लाकडी दस्ता तडकला होता आणि नवा कसा हवा, हे अर्धा तास ठरेना. उभं राहून माझ्या पायांत गोळे आले.

“काका, तिसऱ्यांदा विचारतोय. सरळ करू, की हाताला धरायला मूठ ठेवू?” कारागीर म्हणाला.

“मुठीने मनगट दुखत नाही ना?”

“अजिबात नाही. हात आपसूक बसतो.”

“मग सरळच कर.”

“आँ? ते का?”

“दोन चाप आहेत ना. सरळ दस्त्यावर हात पुढच्या चापावरून मागच्यावर झटकन सरकतो. बंदूक आमच्या हिची, तिचा हात असा सरकायचा. एका दमात हवेतल्या दोन मातीच्या तबकड्या फोडायची. मी आपला यंत्राची दोरी ओढून तबकड्या उडवणारा गडी.”

“काकूंना जाऊन वर्ष झालं, काका.”

“दहा महिने.”

“मग आता तबकड्या कोण उडवतं?”

“मीच. दोरी पायाला बांधतो.”

“आणि लागतात?”

“कसल्या लागतायत! बंदूक उचलली की मनगटात कळ येते.”

“मग मूठ करू ना?”

“कर... नको, थांब. हिला मूठ आवडायची नाही.”

आता मात्र मला राहवेना.

“अहो काका, तिचा तडकलेला दस्ता पिशवीत घाला आणि घरी न्या. नव्याला मूठ करून घ्या. पायाला दोरी बांधून नेम धरायचा, तर मनगट तरी धड हवं!”