टँकरभर गाळ

(शहराचं सांडपाणी जिथे साफ होतं, त्या मोठ्या टाकीचा कठडा. टाकी सांभाळणारी ताई आणि टँकर चालवणारा तिचा धाकटा भाऊ.)

भाऊ : शी! काय हा वास, ताई! नाकातले केस जळाले माझे.

ताई : नऊ दिवस मी इथेच बसून डबा खातेय. नाक मुरडू नकोस, पाइप लाव.

भाऊ : लावतो गं. शेजारच्या गावच्या अशाच टाकीतून टँकरभर गाळ आणलाय तुझ्यासाठी. कोण आणतं एवढं बहिणीसाठी?

ताई : गाळ काय म्हणतोस, डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत त्यात. हेच घाण खातात म्हणून पाणी साफ होतं. आमचे सगळे मेले. परवापर्यंत नवे रुजले नाहीत तर ही घाण अशीच नदीत सोडावी लागेल.

भाऊ : पण मेले कशाने?

ताई : तेच तर कळेना! टाकीत सोडायची हवा वाढवली, कमी केली, पाणी थोडं थोडं घेतलं. वाटलं, आपलाच हात बिघडला. अख्खं शहर अंघोळ करतं, भांडी घासतं, ते सगळं यांच्या पोटात येतं. रोजचं आलं तर मुकाट खातात बिचारे. मधेच काही भलतं आलं, की... थांब. हा वास कसला?

भाऊ : टाकीचाच की.

ताई : टाकीचा वास मला पाठ आहे. हा तुझ्या टँकरचा आहे, घशात झोंबतोय. आम्ल तपासायची पट्टी बुडवते त्यात. बघ, लालभडक! आधी काय होतं यात?

भाऊ : काही नाही गं. चांगला धुतलाय, दोन बादल्या मारून.

ताई : काय होतं?

भाऊ : तो नळांना चकाकी देणारा कारखाना आहे ना... त्यांचं अ‍ॅसिडचं पाणी.

ताई : ओतलंस कुठे?

भाऊ : (पाइप गुंडाळत) जाऊ दे ना ते.

ताई : तोंड उघड.

भाऊ : तुमच्याच टाकीत येणाऱ्या वरच्या गटारात. एकदाच गं! एवढ्या मोठ्या टाकीला एक टँकर म्हणजे काय!

ताई : शी! या घाणीत इतकी वर्षं हात घातले, कधी किळस आली नाही. तुझी येतेय. आणि वर त्याच टँकरमधून नवे आणलेस. तेही मारलेस.

भाऊ : चिडू नको ना. पुन्हा आणतो.

ताई : आधी चुन्याच्या पाण्याने टँकर धू. पट्टी हिरवी होईपर्यंत धू.

भाऊ : धुतो. पण साहेबांना माझं नाव सांगू नकोस हं.

ताई : सांगून झालंय.

भाऊ : म्हणजे? तुला तर आत्ता कळलं!

ताई : सकाळीच कागद दिला साहेबांना. टाकीत हवा किती सोडायची याचा अंदाज चुकला, चूक माझी म्हणून. खाली लिहिलंय, भावाने आपणहून मदत केली.