एकेचाळीस अडवले

सिंगापुरातल्या बेडोकच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहणाऱ्या नीलिमाच्या कानावर मागच्या बाकावरच्या नवरा-बायकोचं मराठी पडलं आणि तिचं पेपरातलं लक्ष उडालं.

"अहो, अश्विनच्या कॉलेजच्या मॅचचं काय झालं अमेरिकेत?"

"हरले. बर्फावरची हॉकी आहे की घसरगुंडी! सात गोल खाल्ले."

"आपला अश्विन एकटा गोलमध्ये उभा राहून काय करणार? अडवले किती त्याने?"

"एकेचाळीस, असं नेटवर लिहिलंय."

"म्हणजे अंगात ताकद आहे. गेल्या शनिवारी अठराच अडवले, तेव्हाच मला वाटलं, आजारी असणार."

"फोटोही होता. हेल्मेटमुळे तोंड दिसत नाही."

"फोन लावू या का?"

"हरल्यावर उचलत नाही तो."

"मग जिंकल्यावर लावू."

"दोन वर्षांत जिंकलेत कुठे?"