एका ताटातले दोन रिपोर्ट

तुमी हसाल, पण आमच्या आई-अण्णांचं खरं जमलं ते रक्ताच्या रिपोर्टमुळं.

आमी येरमाळ्याचे. गेल्या हिवाळ्यात दोघांचं रक्त तपासून आणलं. कळंबच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले. अण्णांची साखर वाढलेली, आईचं हिमोग्लोबिन लई कमी.

"घरात आधी कोण जेवतं?" बाईंनी विचारलं.

"हे," आई म्हणाली. "मागनं मी, उरलंसुरलं."

"मावशी, तुमच्या वाट्याचं काकांच्या रक्तात गेलंय. गोळ्या देते, पण आता एका ताटात जेवा. भाकरी काकांना कमी, तुम्हाला जास्त. मेथी, मटकी दोघांना."

अण्णा खाली बघत म्हणाले, "लग्नात घास भरवला, त्यानंतर कधी एका ताटात बसलो न्हाय."

"मग आता बसा."

त्या संध्याकाळपासून दोघं अंगणात लिंबाखाली बसायला लागले. आई भाकरी मोडायची, अण्णा मोठा तुकडा तिच्याकडं सरकवायचे. उजेड मावळायचा, ज्वारीवरनं गार वारं यायचं. ताट कवाच रिकामं झालेलं असायचं, हात वाळून जायचे, तरी दोघं उठायचं विसरलेले. मलाही दिवा लावावा वाटायचं न्हाय.

परवा नवे रिपोर्ट आले. साखर उतरली, आईचं रक्त भरलं.

"छान," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता वेगवेगळं जेवलात तरी चालेल."

अण्णा गडबडीनं म्हणाले, "न्हाय बाई, हिला अजून अशक्तपणा हाय."

आणि जिनं जन्मात कधी आपलं दुखणं सांगितलं न्हाय, ती आई लगेच म्हणाली, "व्हय, लई हाय."