जहाजं परतली का

काकू, आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि माझं सांगणं इथल्या मराठी मंडळाच्या अंकात छापून यावं हे जरा जास्तच होतंय. लिहायला बसलो होतो, दोन ओळी लिहिल्या नि खोडल्या. म्हणून बोलतो, तुम्ही उतरवून घ्या, चुकलं तर सुधारा.

मी हिंगणघाटचा. बाबा सूतगिरणीत होते. गिरणी बंद पडली तरी जेवताना त्यांचा पाय मशीनच्या ठेक्यात हलायचा. मी इथे शिकागोजवळ नेपरव्हिलला तुमच्या बेसमेंटमध्ये राहून इतिहास शिकायला लागलो, आणि प्रोफेसरांनी मला अथेन्स आणि स्पार्टाचं युद्ध अभ्यासाला दिलं. काका अजून म्हणतात, अरे आयटीत जा, ती भांडणं कधीच मिटली. पण बाबांना गोडी लागली. दर रविवारी सकाळी, म्हणजे तिकडे संध्याकाळी, फोनवर थोडं थोडं सांगायचो. सेनापती त्यांना नकोच असायचे. वल्ही कोण मारायचं रे, विचारायचे. मी सांगितलं, गरीब माणसं, चिलखत घ्यायची ऐपत नसलेली, बासरीच्या ठेक्यावर, खालच्या बाकांवर, समुद्र दिसायचासुद्धा नाही. झालं, तेव्हापासून ती बाबांची माणसं. आमच्याच खात्यातले दिसतात, म्हणायचे.

मग अथेन्सचं आरमार सिसिलीला निघालं आणि मी अडकलो. काय सांगू तुम्हाला, ते आरमार परत येतच नाही. बाबा विचारायचे, पोचले का, मी म्हणायचो, वाऱ्याची वाट बघताहेत. पुढच्या रविवारी म्हणायचो, अजून बंदरातच आहेत. सेमिस्टर संपलं की सांगू, असं ठरवलं.

तेव्हा बर्फ पडत होता. शिकागोच्या ट्रेनमध्ये बसलो की बाहेर सगळं पांढरं, जमीन कुठे संपते कळायचं नाही, आणि चाकांचा तो ठेका, माझा डोळा लागायचा, मग खालच्या बाकांवर मला बाबा दिसायचे, हातात वल्हं, पाय हलतोय. मी हाक मारायचो नाही. ठेका चुकला असता.

पुढे बाबा फोनवर येईनासे झाले. ताई म्हणायची, झोपलेत. कधी म्हणायची, विहारात गेलेत. मला खरं वाटायचं, का मी तसं मानून घेत होतो, कुणास ठाऊक.

शेवटचा पेपर देऊन आलो, तुमच्या दारात बूट काढत होतो, तुम्ही चहा ठेवला होता, तेव्हा ताईचा फोन आला. बाबा गेले, म्हणाली, तुझी परीक्षा सुरू व्हायच्या आधीच. त्यांनीच बजावलं होतं, त्याचे पेपर होऊ देत, मग सांगा. शेवटी धड शुद्ध नव्हती, पण एकच विचारत होते, जहाजं परतली का.

मग तू काय सांगितलंस, मी म्हटलं.

ताई म्हणाली, मला काय माहीत रे तुझं युद्ध. मी बाबांना सांगितलं, परतली. सगळी.