हनुवटीखालचं लाल बटण

न्हाई न्हाई, बिघडला न्हाई ओ सत्यजीतभाऊ, लॅपटॉप चांगला चालतोय — चालतोय हीच तर अडचण हाय. मला निस्तं बोटाचं बंद करून पायजे. बोट लावलं की पडद्यावरचं हलतं ना, ते. व्हय, ठाऊक हाय मला, ह्यातली महागाची गोष्ट तीच हाय. मुजीबनं कुवेतहून पाठवला तवा तेच म्हणला व्हता, अब्बा, तुमाला माऊस जमत न्हाई ना, मग बोट लावा, झालं. पोरानं माझ्यासाठी निवडून घेतला आन् मी तुमच्या दुकानात येऊन म्हंतोय, तेवढंच बंद करा. हसा, हसा. कुरकुंभच्या कंपनीत बावीस वर्षं पॅकिंगला व्हतो, ह्या सत्तारनं मारलेला शिक्का कवा वाकडा पडला न्हाई, पण ह्या माऊसचा बाण माझ्या हाताला थांबत न्हाई. — ती नेटची कांडी राहू द्या, काढू नका. आज जुम्मा हाय, सुट्टी असती त्याला. तिकडची नमाज झाली की आपल्याकडं अडीचच्या सुमाराला लावतो तो. म्हंजी, लावायचा. तुमच्याकडची लाईट गेली नसती तर एव्हाना मी घरी असतो. असू द्या, करा तुमी.

बंद कशाला म्हंजी — घरात माणसं हायेत ना. ती बघा, बाहेर पायरीवर बसलीय ती बानू, मुजीबची अम्मी. आत ये म्हणलं तर येत न्हाई, लॅपटॉपजवळ मला बसवू नका म्हंती. तिला सवय हाय — पोरगं दिसलं की दोन्ही हातांनी त्याचे गाल घ्यायचे, तेच हात आपल्या कानशिलावर न्यायचे आन् बोटं कडाकडा मोडायची. बला घेती त्याची, दिष्ट काढती म्हणा. तुमच्यात बी हाय की, तुमची आजी मोडत न्हाई का, तेच. आता पोरगं कुवेतला, मग गाल कुठं? तर ह्या काचेवर. आन् ह्यात त्याचं तोंड मोठं दिसतंय ना, त्याच्या बरोबर हनुवटीखाली येतं ते लाल बटण. हिनं गाल धरले की अंगठा खाली जाणारच. गेला, की कॉल कट. पोरगं गायब आन् ही कानशिलावर हात धरून बसलीय, बोटं मोडायची तशीच राहिलीत. पहिल्यांदा हसलो आमी. दुसऱ्यांदा बी हसलो. तो लगेच परत लावायचा, म्हणायचा, अम्मी, हात मत लगाव, तू निस्ती बस.

तिसऱ्यांदा मग — तिसऱ्यांदा त्यानं परत लावलाच न्हाई. चार जुम्मे झाले. आमी लावतो तर उचलत न्हाई. खोलीतल्या दोस्ताकडनं निरोप येतो, बरा हाय, ड्यूटी हाय, एवढाच. आन् तवापासनं बानूनं हात पदरात घातलेत ते घातलेच. सैपाकापुरते काढती, दुआला काढती, पण ह्याच्यासमोर आली की आत. मी म्हणलं, अगं, झाकण लावलंय, बंद हाय ते. तरी आत. म्हंती, पोरगं काहीतरी सांगत व्हतं, माझ्या हातानं मधीच तुटलं, रुसला तो. म्हणून म्हणलं बंद करून न्यावं आन् सांगावं तिला, घे, लाव हात, धर गाल, आता काय बी होत न्हाई.

काय? काय सांगत व्हता ते आमाला तरी — आवाजच नीट येत नव्हता. खरखर व्हती. — असं बघू नका माझ्याकडं. ऐकलं मी. शेजारीच व्हतो तिच्या. तिचे हात काचेवर व्हते, पण वर, डोळ्यांपाशी. पुसत व्हती ती. रडत व्हता ना तो. सव्वीस वर्षांचं पोरगं. म्हणला, अब्बा, मेरेसे नै होता इदर, मैं आ जाऊं क्या. एवढंच. आता तुमी सांगा, बापानं काय म्हणायचं? आमच्या शायनाचं लग्न कासुर्डीला ठरलंय, पोरीचा भाऊ कुवेतला हाय असं सांगून ठरलंय. मोहल्ल्यात सांगितलंय मी, मशिदीत सांगितलंय, कंपनीच्या गेटवर जाऊन सांगितलंय, माझं पोरगं माझ्यासारखी शिफ्ट मारणार न्हाई म्हणून. ये म्हणता येईना. नको येऊ तरी कसं म्हणू, तोंडासमोर रडतंय. दोन्हीतलं एक बी तोंडातनं निघंना, आन् तो आपला बघतोय माझ्याकडं, बघतोय — म्हणून मग हे बोट. हेच. लावलं लाल बटणावर. तिचे हात वरच व्हते अजून. ती म्हणली, हाय अल्ला, परत लागला माझा हात. आन् मी म्हणलं, किती येळा सांगितलं तुला.

झालं? एवढ्यात? बघू — खरंच की, बोट फिरवलं तरी हलत न्हाई. बरं झालं. आन् तिला ह्यातलं काही — व्हय, तुमी कशाला सांगताल. — हे काय वाजतंय? ह्यातच वाजतंय. मुजीब हाय. मुजीबच हाय, नाव आलंय बघा. हिरवं, हिरव्याला बोट — घेत न्हाई. घेत न्हाई ओ. व्हय, बंद केलंय, व्हय. माऊस द्या, इकडं द्या — न्हाई, तुमी नका, मी तोडलंय, मीच उचलतो, त्याला ये म्हणायचंय मला — बाण कुठं गेला, पार वर गेला, खाली ये, खाली, हां, जरा — थांब रे बाबा, एवढं थांब —

थांबलं.

आपण लावू म्हंता? आमी लावलं तर उचलत न्हाई तो, सांगितलं ना मगाशी. — हळू बोला. उठली ती. वाजलेलं ऐकलं तिनं. दारातनंच विचारतीय, कुणी तोडलं म्हणून. आन् बघा, दोन्ही हात पदरात हायेत तिचे. आता कुणाचा हात लागला म्हणून सांगू मी? — लावा, लावा ते झाकण, सत्यजीतभाऊ.