जोडपाव्याची वाटणी

क्रापिना गावातल्या नोटरीच्या दाराबाहेर बाकावर एकच जागा रिकामी होती, दोन म्हाताऱ्या भावांच्या मधली. यागोदा तिथे बसली. दोघांच्या हातात एकेक लाकडी पावा होता, एका बाजूने करवतीने कापलेला.

"बाई, ह्या इम्ब्रोला सांगा, बाबांच्या जोडपाव्याची वाटणी चुकलीय."

"ब्लाझला सांगा, करवत त्यानेच चालवली होती."

"चालवली! पण चार भोकांचा पावा ह्याने उचलला, मला तीनच भोकं!"

"मग मी माझं एक मेणाने बुजवतो म्हणावं. झाली बरोबरी."

"बाबांनी पाडलेलं भोक बुजवणार? लाज नाही वाटत, विचारा त्याला!"

"अहो, तुम्हीच बोला की एकमेकांशी," यागोदा म्हणाली.

"अकरा वर्षं बोलत नाही आम्ही."

"बारा! सांगा त्याला."

"बाई, तीन भोकांत काय वाजतं ते ऐकाच."

ब्लाझने तिच्या उजव्या कानाशी पावा फुंकला.

"गाय हंबरतेय म्हणावं! गाणं माझ्याकडे आहे."

इम्ब्रोने डाव्या कानाशी फुंकला, तसा ब्लाझही पुन्हा फुंकू लागला. डावीकडून गाणं, उजवीकडून साथ. त्यांचे बाबा लग्नात वाजवायचे तेच. रांगेतल्या माणसांचे पाय ठेका धरू लागले.

"त्याला सांगा, शेवटी घाई केलीस."

"त्याला सांगा, बाबाही तिथे घाईच करायचे."

"...करायचे खरे. सांगा त्याला."

तेवढ्यात आतून यागोदाचं नाव पुकारलं. ती उठली, तशी दोघांनी तिच्या कोटाची एकेक बाही धरली.

"अहो बाई, निघालात कुठे? आत्ता तर कुठे आमचं बोलणं सुरू झालंय!"