तीस घरांच्या वह्या

भाऊ : ...साखरेचा डबा शोधत होतो गं. म्हणून खालचं कपाट उघडलं.

ताई : तिथे नुसती मोठी भांडी आहेत.

भाऊ : नूडल्सची पाकिटं आहेत. अंगावर कोसळली. वीस-बावीस तरी असतील.

ताई : पाहुण्यांसाठी आणून ठेवलीत.

भाऊ : एवढे पाहुणे?

ताई : तुझ्या भावोजींना आवडतात.

भाऊ : त्यांच्या नावावर कशाला खपवतेस? दुकान काढायच्या आधी मी तीस घरांत वह्या वाटल्या होत्या. महिनाभर रोज काय आणलं, काय शिजवलं, ते लिहा म्हणून. तुझी वही मला तोंडपाठ आहे. पालेभाजी रोज, मोड आलेली कडधान्यं एक दिवसाआड, फळं दोन्ही वेळा.

ताई : अक्षर तरी बरं होतं ना?

भाऊ : ताई.

ताई : बरं. राहिलं.

भाऊ : त्या वह्यांच्या भरवशावर मी माल भरला. मळ्यातलं ताजं, पाकीट नाही, प्लास्टिक नाही, आपापला डबा आणा आणि हवं तेवढं न्या. आज तीन टोपल्या पालक खताच्या खड्ड्यात ओतला. भागीदार म्हणतो, सोमवारपर्यंत गिऱ्हाईक दिसलं नाही तर मी बाहेर. तो गेला की दुकान गेलं.

ताई : माझ्या एका वहीपायी?

भाऊ : तुझी एकटीची असती तर हसलो असतो. तीसही घरांनी तेच लिहिलं होतं, म्हणून तर विश्वास बसला.

(ताई कोरडा ओटा पुन्हा पुसायला घेते. पुसून होतो, तरी हात थांबत नाही.)

ताई : खालची शिंपीण आली होती माझ्याकडे. म्हणाली, तुमच्या भावाची वही आहे, त्यात लिहायचं तरी काय असतं? मी माझी दाखवली. तिने वाचली आणि वही मिटली. मग म्हणाली, आमच्याकडेही असंच असतं हो. तिची बघून शेजारणीने लिहिली.

भाऊ : आणि तू कोणाची बघून लिहिलीस?

ताई : पहिल्या दिवशी खरं लिहिलं होतं. सकाळी बिस्किटं, दुपारी कालचा पाव, संध्याकाळी पाकीट. मग वाटलं, हे तू वाचणार. आईमागे तुला मी भरवलं, आणि माझ्याच पोरांना हे? पान फाडलं.

भाऊ : मी काही बोललो नसतो.

ताई : ठाऊक आहे. तेच तर नको होतं.

भाऊ : पालक तरी का नाही नेलास कधी? दुकान दोन गल्ल्यांवर आहे.

ताई : कामावरून येते तेव्हा पाय माझे राहिलेले नसतात रे. निवडत कोण बसणार?

भाऊ : निवडून, चिरून दिला तर?

ताई : ...तर बघेन. शिंपीणही बघेल.

भाऊ : मग सोमवारच्या आत मला खरं कळायला हवं. तू सांगितलंस तर त्याही सांगतील. बोल, काल काय खाल्लंत?

ताई : तू खिडकीकडे तोंड करून बस. मग सांगते.